आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) बोटीची फ्लेक्स केबल वारंवार तुटतेय? तुटलेला तुकडा टाकून देण्याआधी नीट बघा

नवी केबल घातली, दोन-चार फेऱ्या झकास झाल्या आणि बोट परत पाण्याच्या मधोमध थांबली. थ्रॉटल दिला की मोटर किंचाळते, पण बोट जागची हलत नाही. बोट काठाला आणून झाकण उघडलं की दिसतं, केबल पुन्हा तुटली आहे. मग आणखी नवी केबल, किंवा चिडून थोडी जाड केबल, आणि काही दिवसांनी तीच गत.

माझं ठाम मत असं आहे की वारंवार तुटणारी केबल बहुतेक वेळा निर्दोष असते. दोष जोडणीत असतो आणि केबल त्याची शिक्षा भोगते. सुदैवाने तुटताना ती पुरावाही मागे ठेवते. कुठे तुटली, तारा कशा तुटल्या, ग्रीसचा रंग कसा झाला, एवढं पाहिलं तरी कारणाच्या बरंच जवळ जाता येतं. म्हणून जुनी केबल कचऱ्यात टाकू नका. ग्रीस पुसून ती उजेडात धरा.

आधी केबल कशी चालते ते थोडक्यात. फ्लेक्स केबल म्हणजे मोटरचं फिरणं मागच्या पंख्यापर्यंत (प्रॉपेलरपर्यंत) पोहोचवणारे, पोलादी तारांचे एकावर एक गुंडाळलेले थर. प्रत्येक थराची गुंडाळी आधीच्या थराच्या उलट दिशेची असते. बोटींमध्ये साधारण ३.१८, ३.८, ४, ४.७६ आणि मोठ्या बोटींत ६.३५ मिलिमीटर व्यासाच्या केबली दिसतात. मोटर योग्य दिशेने फिरली की बाहेरचा थर आतल्या थरावर आवळला जातो आणि सगळ्या तारा मिळून भार घेतात. दोरीला आणखी पीळ दिला की ती जशी आवळते आणि आखडते, तशीच ही केबल भाराखाली आवळते आणि लांबीला थोडी कमी होते. हे आखडणं लक्षात ठेवा, निम्म्या तक्रारींचं मूळ तिथे आहे.

कुठे तुटली, त्यावरून काय कळतं

कॉलेटच्या (मोटरच्या शाफ्टवर केबल घट्ट पकडणाऱ्या चिमट्याच्या) अगदी तोंडाशी तुटली असेल, तर मोटर आणि स्टफिंग ट्यूब (केबल जिच्यातून जाते ती पितळी नळी) एका रेषेत नाहीत किंवा कॉलेट आणि ट्यूब यांच्यामध्ये केबलचा उघडा भाग जास्त आहे. अशा ठिकाणी केबल प्रत्येक फेऱ्याला थोडी इकडे, थोडी तिकडे वाकते. तीन सेलच्या लायपो बॅटरीवर, म्हणजे ११.१ व्होल्टवर, ३,००० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ३,००० फेऱ्यांची) मोटर भाराविना मिनिटाला ३३,३०० फेरे मारते. सेकंदाला पाचशेहून जास्त वेळा तीच तार त्याच जागी वाकत असेल, तर ती थकून तुटणारच. इथे तारा बहुधा एकाच रेषेत, कापल्यासारख्या तुटलेल्या दिसतात.

मधेच तुटली असेल आणि त्या जागेच्या आजूबाजूला केबलवर चकचकीत पट्टा पडला असेल, तर ट्यूबचा बाक तिथे जास्त तीव्र आहे, ट्यूब चेपली गेली आहे किंवा आतला टेफ्लॉन लायनर (ट्यूबच्या आतली अस्तराची नळी) त्या जागी झिजून केबल थेट पितळेवर घासते आहे. केबल ट्यूबशेजारी धरून तो पट्टा नेमका कुठे येतो ते पाहा. बहुतेक वेळा तो बाकावरच येतो.

मागच्या टोकाला, स्टब शाफ्टच्या (केबलच्या मागे जोडलेल्या, पंखा बसवायच्या आखूड दांड्याच्या) जोडाशी तुटली असेल, तर तीन गोष्टींवर संशय घ्यावा: झिजलेला बुश (स्टब ज्यात फिरतो ती बाही), असमतोल पंखा आणि स्ट्रटला (बोटीच्या मागे बुश धरून ठेवणाऱ्या आधाराला) घासणारा ड्राइव्ह डॉग (स्टबवर घट्ट बसवलेला, पंख्याला फिरवणारा भाग). जोड करताना लागलेल्या उष्णतेमुळे तिथल्या तारा मुळातच थोड्या कमजोर झालेल्या असतात, त्यामुळे कंप असेल तर तो सर्वात आधी तिथेच नडतो.

आणि केबल फुगून तिच्या तारा पिंजऱ्यासारख्या उकलल्या असतील, तर ती उलटी फिरली आहे किंवा पूर्ण वेगात असताना पंख्यात शेवाळ, दोरा, प्लॅस्टिक अडकून तिला जबरदस्त झटका बसला आहे. झटका बसला असेल तर जोडणीला दोष देण्याचं कारण नाही. उलटी फिरत असेल तर मात्र नवी केबलही तशीच जाईल. खात्री करणं सोपं आहे. केबलची दोन्ही टोकं हातात धरून एका दिशेला पिळा, मग दुसऱ्या. एका दिशेला बाहेरच्या तारा आवळतात आणि केबल कडक लागते, दुसऱ्या दिशेला तारा सैल होऊन फुगतात. मोटर तिच्या टोकाला ज्या दिशेने पीळ देते, ती आवळण्याची दिशा असली पाहिजे. ब्रशलेस मोटरच्या तीनपैकी कोणत्याही दोन तारा अदलाबदल केल्या की मोटर उलटी फिरते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण नवी मोटर किंवा ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारा भाग) बसवताना पंख्याची दिशा तेवढी पाहिली जाते आणि केबलची गुंडाळी पाहायची राहून जाते. दोन मोटरींच्या बोटीत पंखे परस्परविरुद्ध फिरत असतील, तर एका बाजूला उलट गुंडाळीची केबल लागते. तिथे दोन्हीकडे एकच केबल चालत नाही. उलटी फिरली की केबल उकलते, म्हणूनच फ्लेक्स केबलच्या बोटीला जोरात रिव्हर्स देऊ नये.

बॅटरी काढा आणि बोटांनी फिरवून पाहा

पंख्याच्या पात्यांना धार असते आणि ब्रशलेस मोटर कधीही उचल खाऊ शकते, म्हणून पुढचं सगळं बॅटरी काढूनच करायचं. बसवलेली केबल अजून शाबूत असेल तरी ही तपासणी करून घ्यावी.

कॉलेट सैल करा, केबल मोटरपासून मोकळी करा आणि मागून ड्राइव्ह डॉग बोटांनी हळू फिरवा. ड्राइव्ह डॉगवर मार्करने एक ठिपका ठेवा. दर फेऱ्याला ठिपका एका ठराविक जागी आला की जड लागत असेल, तर केबल किंवा स्टब वाकला आहे. ठिपका कुठेही असला तरी सारखंच जड लागत असेल, तर दोष ट्यूब, लायनर किंवा बुशमध्ये आहे. मग स्ट्रटचे स्क्रू अर्धा-एक फेरा सैल करून पुन्हा फिरवा. एकदम हलकं झालं, तर स्ट्रट आणि ट्यूब एकमेकांशी भांडत आहेत.

हे भांडण फार जणांच्या बोटीत असतं आणि त्याचं कारणही साधं असतं. बोट नाक वर करते किंवा पाण्यावर आपटत धावते म्हणून आपण स्ट्रटचा कोन किंवा उंची बदलतो. पण ट्यूब आधीच्या कोनात एपॉक्सीने पक्की झालेली असते. स्ट्रट हलला की ट्यूबचं मागचं टोक बळजबरीने वाकतं आणि बुशमध्ये स्टब तिरका बसतो. त्या दिवसापासून केबल तुटायला लागते आणि दोन गोष्टींचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. केबल तुटण्याचा त्रास कधी सुरू झाला हे आठवून पाहा. स्ट्रटला हात लावल्यानंतर सुरू झाला असेल, तर उत्तर मिळालंच. ट्यूब नव्या कोनाला जुळवून घ्यावी लागेल, त्याला दुसरा उपाय नाही.

ड्राइव्ह डॉग आणि स्ट्रटमधली फट

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते या फटीकडे. ड्राइव्ह डॉग स्ट्रटला टेकवून कॉलेट आवळला की जोडणी फार नेटकी दिसते. हाताने फिरवलं तर हलकीही लागते, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण पाण्यात भार आला की केबल आखडते आणि ड्राइव्ह डॉगला पुढे ओढते. पंख्याचा रेटाही त्याच दिशेला असतो. जागाच ठेवली नसेल तर ड्राइव्ह डॉग स्ट्रटवर ब्रेकसारखा दाबला जातो. मग स्ट्रट तापतो, ईएससी जास्त अँपिअर ओढते आणि केबलला दोन्हीकडून पीळ पडतो. काठावर आणून तपासावं तर सगळं पुन्हा हलकं, कारण भार गेला की केबल मूळ लांबीवर येते.

यावर उपाय म्हणजे कॉलेट आवळण्याआधी ड्राइव्ह डॉग आणि स्ट्रट यांच्यामध्ये फट ठेवायची. ४.७६ मिलिमीटरच्या केबलला ३ मिलिमीटरच्या आसपास आणि लहान बोटीतल्या बारीक केबलला २ मिलिमीटर पुरते. केबल लांब असेल तर थोडी जास्त ठेवावी. पण म्हणून सहा-सात मिलिमीटर ठेवू नये. तेवढा स्टब बुशच्या बाहेर निराधार राहतो आणि पंखा थरथरायला लागतो.

फट कमी पडतेय का, हे स्ट्रटची मागची कड सांगते. तिथे चकचकीत घासलेलं कडं दिसलं, तर ड्राइव्ह डॉग टेकतो आहे. फेरी संपल्यावर फट पुन्हा मोजा. सुरुवातीला ३ मिलिमीटर होती आणि नंतर १ राहिली असेल, तर केबल कॉलेटमध्ये पुढे सरकते आहे. तेव्हा फट वाढवत बसू नका, कॉलेटची पकड सुधारा.

मोटर, कॉलेट आणि ट्यूब एका रेषेत

कॉलेट उघडा ठेवा आणि केबल ट्यूबमधून पुढे आणा. केबलचं टोक बोटाने न ढकलता कॉलेटच्या भोकात सरळ शिरलं पाहिजे. ते वर, खाली किंवा बाजूला सरकून उभं राहत असेल आणि आपण वाकवून आत घालत असू, तर तेवढा ताण धावताना प्रत्येक फेऱ्याला केबलवर येणार. आधी मोटर माउंटखाली वॉशर घालून किंवा माउंट सरकवून रेष जुळवा. तेवढ्याने जुळत नसेल तर ट्यूबच वाकवावी लागेल.

ट्यूबचा कॉलेटकडचा पहिला चार-पाच सेंटीमीटर भाग मोटरच्या शाफ्टच्या रेषेत अगदी सरळ असावा, बाक त्यानंतर सुरू व्हावा आणि तो जितका लांब पसरेल तितका चांगला. पितळी ट्यूब वाकवण्याआधी ती मंद लाल होईपर्यंत तापवून थंड होऊ दिली की नरम पडते. वाकवताना ती चेपू नये म्हणून आत जुनी केबल घालून ठेवावी, तुटलेल्या केबलचा तेवढा उपयोग होतोच. गुडघ्यावर किंवा एखाद्या मोठ्या गोल डब्यावर हळूहळू वाकवा. एका जागी दुमडली तर ती ट्यूब वापरू नका. नंतर सरळ केली तरी आतली चेप जात नाही आणि लायनर त्याच जागी झिजतो.

ट्यूब बोटीच्या तळाला चिकटवताना केबल आत, कॉलेट आवळलेला आणि स्ट्रट हव्या त्या कोनात, अशा अवस्थेत तिला आपली जागा घेऊ द्यावी आणि मगच एपॉक्सी भरावं. ट्यूबच्या पुढच्या टोकाजवळ एक आधार हवाच. आधार नसलेली ट्यूब केबलबरोबर स्वतःही थरथरते, आणि रेष कितीही जुळलेली असली तरी उपयोग होत नाही. कॉलेट आणि ट्यूब यांच्यामध्ये केबल सेंटीमीटरभर उघडी ठेवावी, दीडच्या वर जाऊ देऊ नये.

लायनर कुठवर असावा

टेफ्लॉन लायनरच्या लांबीकडे सहसा कुणी पाहत नाही. उष्णतेने टेफ्लॉन पितळेच्या कितीतरी पट प्रसरण पावतं. तीस सेंटीमीटरचा लायनर ५० अंशांनी तापला तर दीड-दोन मिलिमीटर लांब होतो. त्यात केबल आखडून स्टब पुढे आला आणि लायनर मागे बुशपर्यंत असला, की स्टब त्याला पुढे ढकलतो आणि दुसरं टोक कॉलेटमध्ये जाऊन कुरतडलं जातं. मोटरपाशी पांढरा भुगा दिसला तर हेच झालेलं असतं. मागच्या बाजूला लायनर स्टबच्या पुढच्या टोकापासून फटीइतका आणि वर दोन-तीन मिलिमीटर आखूड कापा. पुढे तो ट्यूबबाहेर तीन-चार मिलिमीटर येऊ द्या, म्हणजे केबल पितळेच्या कडेवर घासत नाही. कॉलेटला मात्र तो टेकता कामा नये.

केबल कापणं आणि कॉलेटची पकड

पक्कडने केबल कापली की तारा उकलतात आणि टोक फुगतं. असं टोक मागून घालताना लायनर आतून खरवडत जातं आणि कॉलेटमध्येही नीट बसत नाही. कापायच्या जागेचं तेल पूर्ण पुसून तिथे फ्लक्स लावून सोल्डर भरा आणि सोल्डरच्या मधोमध कट-ऑफ डिस्कने कापा. डोळ्यांवर चष्मा हवा, डिस्क फुटते. मग कानस फिरवून कड गोल करा आणि सोल्डरचा फुगवटा केबलच्या व्यासाइतका उतरवा.

कॉलेट घसरतो तेव्हा केबल तुटल्यासारखीच लक्षणं दिसतात: मोटर फिरते, बोट नाही. त्यामागे बहुतेक वेळा ग्रीस असतं. केबल मागून, ग्रीस लावूनच आत येते, त्यामुळे तिचं पुढचं टोक माखलेलं असतं. ते बोटीच्या आत बाहेर आलं की कॉलेटमध्ये घालण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडं करा, कॉलेटही आतून पुसा. केबल कॉलेटच्या पकडीच्या पूर्ण लांबीत शिरली पाहिजे, अर्धवट पकडलेली केबल सुटते आणि कॉलेटही खराब करते. दोन पाने लावून आवळा, एका पान्याने आणि दुसऱ्या हाताने मोटर धरून पुरेसा आवळला जात नाही. मग मार्करने कॉलेट आणि केबल दोन्हींवर जाईल अशी एक रेघ मारा. फेरीनंतर रेघ तुटलेली दिसली, तर कॉलेट घसरतो आहे. मोटरच्या बाजूला ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) असेल तर तो शाफ्टच्या सपाट भागावरच टेकला पाहिजे, आणि त्याला थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावा. केबलवर थेट ग्रब स्क्रू दाबणारे कपलर मी वापरू नये असं म्हणेन. स्क्रूखाली तारा चेपतात आणि तिथूनच तुटतात.

जाड केबल आणि मोठा पंखा

केबल तुटते म्हणून जाड घ्यावी, हा विचार चटकन येतो. पण जाड केबल ताठही असते. त्याच बाकातून फिरताना तिला जास्त जोर लागतो आणि ट्यूबमध्ये घर्षण वाढतं. रेष आणि फट बरोबर असूनही केबल पिळवटून तुटत असेल, तरच जाडीचा विचार करा, आणि मग ट्यूब, लायनर, कॉलेट सगळं त्या मापाचं घ्या.

त्याआधी पंखा पाहा. तेवढ्याच फेऱ्यांना पंख्याला लागणारा टॉर्क (फिरवण्याचा जोर) व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतो. ४० ऐवजी ४२ मिलिमीटरचा पंखा लावला, तर फरक दोनच मिलिमीटरचा दिसतो, पण केबलवरचा टॉर्क सव्वापटीहून जास्त होतो. पंखा तोललेला नसेल तर त्यात कंपही मिसळतो. नवीन पंखा पाकिटातून काढून तसाच लावू नका. बॅलन्सरवर ठेवा आणि जे पातं खाली जातं ते मागच्या बाजूने थोडं थोडं घासून समतोल करा. बुशमध्ये स्टब हाताने आडवा हलवून पाहा. स्पष्ट खडखड जाणवली तर बुश बदला, तो स्वस्तातला भाग आहे आणि केबलचं आयुष्य त्याच्यावर ठरतं.

ग्रीस

पाण्याने धुतलं न जाणारं मरीन ग्रीस वापरा. बोट घरी आणल्यावर केबल पूर्ण बाहेर काढून पुसायची, नवीन ग्रीस लावायचं आणि मगच परत घालायची. खाऱ्या पाण्यात चालवली असेल तर हे त्याच दिवशी केलं पाहिजे. केबल पोलादी असते आणि आत गंज बसला की तो बाहेरून दिसतही नाही.

पुसताना फडक्यावरचा रंग बघा. दुधाळ ग्रीस म्हणजे ट्यूबमध्ये पाणी शिरतंय आणि ग्रीस कमी पडतंय. पांढरे कण लायनरचे, सोनेरी कण बुशचे किंवा ट्यूबचे, तांबूस छटा गंजाची. थोडं करडं ग्रीस नेहमीचंच, त्याची काळजी नको.

पहिली फेरी

सगळं जुळवल्यावर लगेच पूर्ण थ्रॉटल देऊ नका. पाण्याबाहेरही जोरात फिरवू नका, बुशला आणि मोटरला पाणी मिळत नाही. अर्ध्या थ्रॉटलवर मिनिटभर चालवा, काठावर घ्या, बॅटरी काढा आणि हात लावून पाहा. स्ट्रट पाण्यातून आला आहे, तो थंडच असायला हवा. कोमट असेल तर फट किंवा बुश पुन्हा तपासा. ट्यूब बोटीच्या आतल्या भागात गरम लागत असेल तर बाकाकडे बघा. फक्त कॉलेट गरम असेल तर रेष जुळलेली नाही किंवा तो घसरतोय. मार्करची रेघ आणि फट दोन्ही पाहून मग पुढची फेरी, थोडी जास्त वेगाची.

वॅटमीटर असेल तर त्याचा उपयोग इथे फार होतो. पंखा काढून, केबल कॉलेटमधून मोकळी असताना मोटर कमी थ्रॉटलवर किती अँपिअर घेते ते बघा, मग केबल जोडून तेवढ्याच थ्रॉटलवर काही सेकंद पुन्हा बघा. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे केबल आणि ट्यूब मिळून खाणारी शक्ती. जोडणी नवीन असताना हा फरक लिहून ठेवा. पुढे कधी तो वाढलेला दिसला तर केबल तुटायची वाट न बघता उघडून तपासता येतं.

केबल कधी बदलायची हेही काढून पुसतानाच ठरवता येतं. काचेवर ठेवून ती बोटांनी लोळवा. सरळ केबल सारखी लोळते. एखाद्या ठिकाणी ती उचलली जात असेल, किंवा बाहेरची एखादी तार नखाला अडकत असेल, तर ती पुन्हा बोटीत घालू नका.